उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपमध्ये एनएफएस : कामाच्या नोंदी

३ जून

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीवाल्यांना लाकडाचे, एमडीएफचे पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा गाभा पाडायची पेटी) करून देतो. कॉम्प्युटर चार. माझा आणि ताईंचा ड्रॉइंगला (लिनक्स मिंट, फ्रीकॅड), एक आण्णांच्या टेबलावर कोटेशनला, आणि चौथा शेडमध्ये सीएनसी राउटरला (लाकूड कापणारं मशीन) जोडलेला, त्यावर डेबियन आणि ते मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी. अकाउंटचा विंडोज लॅपटॉप वेगळा. त्याला हात लावायचा नाही असं आण्णांनी बजावलंय आणि मलाही हौस नाही.

दुखणं पेन ड्राइव्हचं आहे. मागच्या महिन्यात एका पंप बॉडीचा पॅटर्न रिव्हिजन ‘बी’वर कापला गेला. ‘सी’ येऊन पडली होती, पण ती ताईंच्या मशीनवर, आणि शेडमध्ये गेलेल्या पेन ड्राइव्हवर ‘बी’. बॉस (पॅटर्नवरचा उंचवटा) ६ मिलिमीटरनं सरकलेला. एमडीएफ गेलं, मजुरी गेली, वर गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली. आण्णा एवढंच म्हणाले, “एका जाग्यावर ठेवा की रं सगळं. चार ठिकाणी चार नकला कशाला?”

तर एका जाग्यावर ठेवायचं. सगळी मशीन लिनक्सची, त्यामुळं सांबाच्या (विंडोजशी फाईली वाटायची पद्धत) वाटेला न जाता सरळ एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टम: एका मशीनवरचे फोल्डर बाकीच्यांना नेटवर्कवरून आपलेच असल्यासारखे वापरता येतात. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये काढलेली चीज आहे, कर्नलमध्येच बसते, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. क्लाउडचा विचार केला नाही. पावसाळ्यात आमच्याकडं इंटरनेट कधी जाईल नेम नाही, आणि त्यासाठी राउटर थांबवून ठेवणं परवडत नाही.

सामान घ्यायच्या आधी कागदावर एवढंच लिहिलं: कोण लिहिणार, कोण नुसतं वाचणार. ‘ड्रॉइंग’मध्ये ताई आणि मी लिहिणार. ‘कोटेशन’मध्ये आण्णा आणि मी. ‘जीकोड’मध्ये मी. शेडमधलं मशीन कुठंच लिहिणार नाही. हा कागद पुढं सगळ्यात जास्त कामाला आला.

५ जून

खरेदी. जुना छोटा डेस्कटॉप ८,५०० (आय-थ्री, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी). आठ पोर्टचा गिगाबिट स्विच १,४५०. कॅट-सिक्स वायर ४० मीटर, कनेक्टर आणि पट्टी धरून १,३५०. २ टीबीची हार्ड डिस्क ५,६०० आणि तिला यूएसबीची डबी ९००. यूपीएस आहे तोच, बॅटरी नवीन.

डबी घ्यायला नको होती, ते खाली येईलच.

७ जून

वायर ओढली. ऑफिसातून शेडपर्यंत भिंतीनं गेली की राउटरच्या स्पिंडलची वायर आडवी येते. व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) शेजारून नेटवर्कची वायर नेऊ नये एवढं ठाऊक होतं, म्हणून वरून ट्रसला बांधून लांबून आणली.

सगळं जोडलं, पिंग चाललं, पण शेडमधून फाईल ओढली की वेग ११ एमबीच्या वर जाईना. हा आकडा दिसला की दुसरीकडं शोधायचं नाही. १०० मेगाबिटवर तेवढाच निघतो. ‘ईथटूल’ या कमांडमध्ये बघितलं तर स्पीड १००. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन जोड्यांवर भागतं, त्यामुळं एखादी जोडी मेली तरी नेट ‘चालू’च दिसतं.

शेडमधला कनेक्टर डोळ्याजवळ धरला. तपकिरी तार शेवटपर्यंत पोचलीच नव्हती, पात्याच्या अलीकडं मिलिमीटरभर थांबलेली. कापून नव्यानं दाबला, स्पीड १०००, मोठी फाईल १०८ एमबीनं आली. क्रिंपिंग झालं की कनेक्टरच्या तोंडाकडून बघा, आठही तारांची तांब्याची टोकं दिसली पाहिजेत. टेस्टर ३०० रुपयांना मिळतो, तोही आता आणलाय.

८ जून

सर्व्हरवर डेबियन १२ टाकलं, एनएफएस सर्व्हरचं पॅकेज घातलं. डिस्कची डबी अजून आली नव्हती, म्हणून एसएसडीवरच ‘एसआरव्ही’खाली ‘काम’ फोल्डर केला, त्यात ‘ड्रॉइंग’, ‘कोटेशन’, ‘जीकोड’. (हे तीन रिकामे फोल्डर लक्षात ठेवा.) प्रत्येक मशीनचा पत्ता ब्रॉडबँडच्या राउटरमध्ये बांधून टाकला: सर्व्हर १९२.१६८.१.१०, बाकी ११ ते १४.

कुठला फोल्डर कुठल्या मशीनला द्यायचा ते ‘एक्स्पोर्ट्स’ फाईलमध्ये लिहायचं, प्रत्येक फोल्डरला एक ओळ. पहिल्याच फटक्यात विचित्र प्रकार: माझ्या मशीनवरून लिहिता येईना, ‘रीड ओन्ली’ म्हणून परत यायचं. ओळीत तर वाचणं-लिहिणं दोन्ही दिलेलं. कारण एक स्पेस. पत्ता आणि त्यापुढचा कंस यांच्यात जागा सुटली की अर्थच बदलतो. पत्त्याला बिनकंसाचे मूळ नियम लागतात, म्हणजे फक्त वाचणं. आणि सुटा पडलेला कंस जगातल्या प्रत्येक मशीनला लागू होतो, तोही लिहिण्याच्या परवानगीसकट. म्हणजे ज्याला द्यायचं त्याला नाही आणि वायफायवर बसलेल्या कुणालाही सताड उघडं. कंस पत्त्याला चिकटवला, ती फाईल परत वाचायला लावणारं ‘एक्स्पोर्टएफएस’ चालवलं, झालं.

फायरवॉलमध्ये फक्त २०४९ पोर्ट उघडलं. एनएफएसच्या आवृत्ती ४ ला तेवढंच लागतं. आवृत्ती ३ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बंद केली, तिला पोर्टांची वरात लागते. त्यामुळं ‘शोमाउंट’ (सर्व्हर काय काय वाटतोय ते विचारणारी कमांड) उत्तर देत नाही. सर्व्हर बंद पडलाय असं समजून डोकं फोडू नका, सरळ माउंट करून, म्हणजे तो फोल्डर आपल्या मशीनला जोडून बघा.

१० जून

आज खरं काम. ताईंनी ठेवलेली फाईल मला बदलता येते, माझी त्यांना येते, म्हणून सगळं जमलं असं वाटत होतं. आण्णांनी कोटेशन सेव्ह करायला घेतलं आणि “परवानगी नाही”.

एनएफएस साध्या पद्धतीनं लावलं की सर्व्हर नाव बघत नाही, नंबर बघतो. मिंट टाकताना जो पहिला माणूस तयार होतो त्याचा नंबर १०००. माझ्या मशीनवर मी १०००, ताईंच्या मशीनवर ताई १०००. सर्व्हरच्या लेखी आम्ही दोघं एकच! म्हणून ‘जमत’ होतं. आण्णांच्या मशीनवर १००० म्हणजे पूर्वी इथं असलेल्या मुलाचं खातं, आण्णा १००१. हा १००१ कोण ते सर्व्हरला माहीत नाही.

फोनवर एका मित्राला विचारलं. “७७७ करून टाक भावा, विषय संपला.” (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी.) विषय संपला असता, पण मग परवाच्या कागदाला अर्थ काय? शेडमधल्या मशीनवरून कुणीही ड्रॉइंग पुसू शकलं असतं. ७७७ नाही.

सगळ्यांना नवीन नंबर दिले आणि ते चारही मशीनवर नि सर्व्हरवर सारखे ठेवले. मी २००१, ताई २००२, आण्णा २००३, शेड २०१०. दोन गट: ‘पॅटर्न’ ३००१, ‘ऑफिस’ ३००२. गटाचे नंबरही सगळीकडं तेच पाहिजेत. ‘युजरमॉड’नं नंबर बदलताना त्या माणसानं लॉगआउट केलेलं असावं, म्हणून वेगळं ॲडमिन खातं काढून त्यातून केलं. घरचा (होम) फोल्डर आपोआप नव्या नंबरवर जातो, बाहेर पडलेल्या फाईली जात नाहीत. त्या ‘फाइंड’नं जुन्या नंबरवर शोधून चढवाव्या लागल्या. ताईंच्या दुसऱ्या पार्टिशनवर २०१६ पासूनची ड्रॉइंग होती, तिथं बराच वेळ गेला.

एवढं करूनही ताईंची नवीन फाईल मला नुसती वाचता येत होती. फोल्डरला सेटजीआयडी लावला, म्हणजे गट ‘पॅटर्न’च राहतो, पण गटाला लिहायची परवानगी मिळेना, ती प्रत्येक मशीनच्या उमास्कवर (नव्या फाईलीची परवानगी ठरवणारी सेटिंग) जाते. चार मशीनवर उमास्क सांभाळत बसण्यापेक्षा सर्व्हरवरच्या फोल्डरला डिफॉल्ट एसीएल (आत होणाऱ्या नव्या फाईलींची ठरवून दिलेली परवानगी) लावला. एनएफएसच्या ४.२ आवृत्तीत तो उमास्कला बाजूला सारतो. आता कुणीही कुठूनही फाईल केली तरी गटाला लिहिता येतं.

सुडो लावून (म्हणजे रूटच्या, मुख्य ॲडमिनच्या अधिकारानं) सर्व्हरवर कॉपी करायला गेलात तर “परवानगी नाही” येईल. रूट स्क्वॉश मुळातच चालू असतं, दुसऱ्या मशीनचा रूट इथं ‘नोबडी’ होतो. ते तसंच राहू दे. बंद करायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो, घेऊ नका.

१३ जून

डबी आली. डिस्क ‘काम’वर माउंट केली, जुना सगळा माल चढवायला लावला. छोट्या छोट्या फाईलींना फार वेळ लागतो, कारण ‘सिंक’ असताना डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हर ‘झालं’ म्हणत नाही. ‘असिंक’ लावून बघितलं, भरभर पळालं. पण मग लाईट गेली तर जे ‘झालं’ म्हणून सांगितलं ते झालेलंच नसतं. पहिली भरती होईपर्यंत असिंक ठेवलं, संध्याकाळी परत सिंक. रोजच्या कामात फरक जाणवतही नाही.

डिस्कची नोंद ‘एफएसटॅब’मध्ये (चालू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) केली तर सर्व्हर चालू होताना अडकून इमर्जन्सी मोडमध्ये गेला. डबी जागी व्हायला उशीर लावते. म्हणून नोंद काढली आणि रीबूट झाल्यावर माउंट करणारी एक ओळ क्रॉनमध्ये (सांगितलेल्या वेळी कमांड चालवणारा) घातली. चाललं.

१७ जून

सकाळी आण्णा आधी आले, सर्व्हर बंद होता. त्यांचं मशीन दीड मिनिट काळ्या स्क्रीनवर अडकलं. “बिघडवलंस व्हय रं?” म्हणून फोन.

क्लायंटच्या, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या मशीनच्या एफएसटॅबमध्ये सिस्टमडीचं (लिनक्स चालू होताना सगळं सुरू करणारा) ऑटोमाउंट लावलं. आता चालू होताना कुणी सर्व्हरची वाट बघत नाही. फोल्डर उघडला की त्या घटकेला माउंट होतो. सोबत ‘नेटडेव्ह’, म्हणजे हा माउंट नेटवर्कवरचा आहे हे मशीनला कळतं.

माउंट ‘हार्ड’ की ‘सॉफ्ट’ यावर बरीच चर्चा वाचायला मिळते. सॉफ्टमध्ये सर्व्हर गेला की थोड्या वेळानं प्रोग्रामला चूक परत येते. फाईल लिहिताना ती आली आणि प्रोग्रामनं दुर्लक्ष केलं, तर अर्धवट फाईल राहते आणि कुणाला कळतही नाही. हार्डमध्ये प्रोग्राम गोठतो आणि सर्व्हर आला की जिथं थांबला तिथून पुढं जातो. अर्धवट ड्रॉइंगवरून पॅटर्न कापण्यापेक्षा गोठलेली खिडकी बरी. सगळीकडं हार्ड.

२२ जून

शेडचं मशीन. त्याचं एकुलतं नेटवर्क पोर्ट राउटर चालवणाऱ्या मेसा कार्डाला जोडलेलं आहे. ते लिनक्ससीएनसीचंच, मिलिसेकंदाला एकदा बोलणं चालू असतं. त्यात फाईलींची ये-जा मिसळायची नाही, स्विचमधून तर नाहीच. दुसरं नेटवर्क कार्ड ६५० रुपयांचं आणून बसवलं, त्याला वेगळा पत्ता.

‘जीकोड’ आणि ‘ड्रॉइंग’ दोन्ही तिथं नुसतं वाचण्यापुरते माउंट केले. एक्स्पोर्टच्या बाजूनंही त्या पत्त्याला फक्त वाचणंच दिलंय. मग सरळ त्या फोल्डरमधूनच प्रोग्राम उघडून चालवला. रफिंग छान झालं.

दुपारी फिनिशिंगचा ४० एमबीचा प्रोग्राम चालू असताना कुणीतरी ग्राइंडर लावायला स्विचची पिन काढली. लिनक्ससीएनसी फाईल एका दमात आत ओढून घेत नाही, लागेल तशी पुढं वाचत जातो. ओळी संपल्या आणि टूल कोअर बॉक्सच्या गालावर जागच्या जागी फिरत राहिला. स्पिंडल १८,००० वर. स्क्रीनवरचं स्टॉप दाबलं तर काही दाद नाही, कारण तो भागही फाईलीची वाट बघत गोठलेला. शेडचं मशीन चालवणाऱ्या बापूंनी भिंतीवरचा लाल बटण मारला. गालावर काळा डाग आणि वितभर अंतरावरून येणारा जळका वास. डाग पुटीनं भरून निघाला.

हार्ड माउंटचा हा दुसरा चेहरा. सॉफ्ट केलं असतं तरी प्रोग्राम मध्येच तुटला असता, फायदा शून्य. चालत्या मशीननं नेटवर्कवरची फाईल वाचायचीच नाही, एवढाच उपाय. शेडच्या डेस्कटॉपवर ‘नवीन आण’ नावाचं आयकॉन केलं. ते दाबलं की आरसिंक ‘जीकोड’ची नक्कल मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर आणतो. सर्व्हरवरून काढलेला प्रोग्राम शेडमध्ये उरू नये म्हणून त्याला ‘डिलीट’ लावलं. जुनी रिव्हिजन परत हाती लागायला नको.

स्विचची पिन आता यूपीएसच्या मागं, हात पोचणार नाही अशी.

२९ जून

रात्री पावसात लाईट गेली ती पहाटे आली. यूपीएस तेवढा वेळ टिकणार नव्हताच. सकाळी बापूंनी मशीन चालू केलं, सवयीनं ‘नवीन आण’ दाबलं, आणि मला हाक: “आरं, हितं कायच न्हाई की!”

खरंच काही नव्हतं. शेडच्या डिस्कवरचा ‘जीकोड’ रिकामा. सर्व्हरवरचा बघितला, तोही रिकामा. ‘ड्रॉइंग’ रिकामा. ताई माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या, बोलल्या काही नाहीत.

मग ‘डीएफ’ (कुठली डिस्क कुठं माउंट आहे ते दाखवणारी कमांड) चालवून बघितलं. ‘काम’वर २ टीबीची डिस्कच नव्हती. लाईट आल्यावर सर्व्हर उठला, क्रॉनची ओळ चालली तेव्हा डबी अजून जागी व्हायची होती, माउंट फसलं. आणि खाली एसएसडीवर ८ तारखेचे ते तीन रिकामे फोल्डर तसेच होते. एनएफएसनं इमानदारीत तेच वाटले. शेडच्या मशीनला वाटलं सर्व्हरवरचं सगळं काढून टाकलंय. आरसिंकला ‘डिलीट’ सांगितलेलं, त्यानं हुकुमाप्रमाणं पुसलं.

डिस्क हातानं माउंट केली, सगळा माल जागेवर. परत ‘नवीन आण’, शेडही भरलं. हरवलं काहीच नाही, सकाळ मात्र गेली. त्या मधल्या वेळात आण्णांनी एक कोटेशन सेव्ह केलं असतं तर ते खालच्या फोल्डरात पडलं असतं आणि डिस्क माउंट झाल्याबरोबर तिच्याखाली दडलं असतं.

२ जुलै

वरच्या प्रकारावर केलेलं काम, क्रमानं.

डबी काढून टाकली. डिस्क सर्व्हरच्या आत साटा केबलवर. ९०० रुपये पाण्यात. क्रॉनची ओळ काढून एफएसटॅबमध्ये युयूआयडीनं (डिस्कची स्वतःची ओळख) नोंद केली. तिथं नोंद असली की सिस्टमडी एनएफएस सुरू करायच्या आधी डिस्क माउंट झालीय का ते स्वतःच बघतो. मी क्रॉनमध्ये घातल्यामुळं ती राखण निघून गेली होती.

डिस्क उतरवून खालचे तिन्ही फोल्डर पुसले आणि रिकाम्या ‘काम’ला ‘चॅटर’नं कुलूप घातलं, म्हणजे डिस्क नसताना तिथं रूटलाही काही ठेवता येत नाही.

एक्स्पोर्ट्समध्ये प्रत्येक ओळीला ‘एमपी’ पर्याय जोडला, ‘काम’चा पत्ता देऊन. त्या जागी खरोखर डिस्क माउंट झालेली असेल तरच फोल्डर वाटायचा असा त्याचा अर्थ. मॅन पानात दोन ओळींत आहे, एरवी कुणी सांगत नाही.

‘नवीन आण’च्या स्क्रिप्टमध्ये अट घातली: सर्व्हरवरच्या ‘जीकोड’मध्ये ‘हाय’ नावाची फाईल दिसली तरच पुढं जायचं, नाहीतर लाल खिडकी. डिलीट काढलं नाही, पण पुसायच्या फाईली आधी तारखेच्या फोल्डरात सरकवायला सांगितलं.

मग मुद्दाम साटा केबल काढून सर्व्हर चालू केला. क्लायंटवर माउंट होईना, शेडमध्ये लाल खिडकी. बापू म्हणाले, “आता कसं!”

९ जुलै

ताई आणि मी एकच ड्रॉइंग एकाच वेळी उघडून बसलो होतो. लिब्रेऑफिस अशा वेळी “फाईल दुसऱ्याकडं उघडी आहे” म्हणतं, फ्रीकॅडनं आम्हाला काही विचारलं नाही. ज्यानं शेवटी सेव्ह केलं त्याचं राहिलं, म्हणजे माझं. ताईंनी वाढवलेला १ टक्का श्रिंकेज अलाउन्स (धातू थंड होताना आकसतो म्हणून वाढवलेलं माप) गेला. तंत्रानं सोडवायच्या नादी लागलो नाही. ज्याच्या हातात काम त्यानं फाईलीच्या नावाला स्वतःचं अक्षर लावायचं, काम संपलं की काढायचं. आणि पक्की झालेली रिव्हिजन मी ‘पक्की’ फोल्डरात टाकतो, तिथं गटाला फक्त वाचणं.

१५ जुलै

बॅकअप. एका जाग्यावर ठेवलं म्हणजे एका जाग्यावरून जाऊही शकतं. बापू शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले, २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी त्यांनी घरात बघितलंय. सर्व्हर टेबलाखाली बघून त्यांनी आधी तो उचलून माळ्यावर ठेवायला लावला, मगच चहा घेतला. दर शनिवारी एक नक्कल डिस्कवर घेऊन आण्णांच्या घरी. त्या बिचाऱ्या डबीला शेवटी तेवढं काम मिळालं.

वायफाय आता वेगळ्या नेटवर्कवर. असं साधं लावलेल्या एनएफएसला पासवर्ड नसतो. पत्ता आणि नंबर जुळला की दार उघडं, आणि नंबर काय, स्वतःच्या लॅपटॉपवर कुणीही २००२ होऊ शकतो. गिऱ्हाइकाला वायफाय द्यायचं असेल तर पाहुण्यांचं द्या. घरचे फोल्डरही सर्व्हरवर न्यायचा विचार होता, सोडला. ब्राउझरची प्रोफाईल एनएफएसवर कुरकुरते आणि आम्हाला त्याचा उपयोगही नाही.

एकूण खर्च, टेस्टर आणि नेटवर्क कार्ड धरून, १९ हजारांच्या आत. यूपीएसची बॅटरी वेगळी.

सोमवारपासून ताईंच्या हाताखाली नवीन पोरगा येतोय. त्याला २००४ दिला, गट ‘पॅटर्न’मध्ये घातला नाही. महिनाभर नुसतं वाचू दे.